सोसायटी म्हणते "कुत्रा चालणार नाही", पण नाही म्हणायचा हक्क नक्की कुणाला?

१ डिसेंबर २०१६. नोटबंदीला अजून महिनाही झाला नव्हता. त्या दिवशी ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातलं धसई हे गाव अचानक देशभरातल्या बातम्यांमध्ये झळकलं. तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार गावात आले, बँक ऑफ बडोदाच्या मदतीने दुकानदारांकडे कार्ड घासायची मशीन आली आणि किराण्यापासून वडापावपर्यंत सगळं कार्डावर मिळायला लागलं. राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून धसईचं नाव झालं.

आज त्याच धसईतल्या एखाद्या तरुणाला कल्याणला किंवा ठाण्याला नोकरी लागली, तर भाडं, डिपॉझिट, टेम्पोचे पैसे, सगळं तो मोबाईलवरून पाठवू शकतो. पैशाचा व्यवहार दोन मिनिटांत होतो. गाडी अडते ती भलत्याच ठिकाणी.

एजंटला फोन केला की बोलणं साधारण असं होतं.

"फॅमिली की बॅचलर?"

"फॅमिली. आम्ही दोघं."

"नोकरी कुठे?"

"एमआयडीसीत."

"चालेल. दाखवतो उद्या."

"आणि एक कुत्रा आहे आमच्यासोबत."

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग ठरलेलं उत्तर येतं, "मग अवघड आहे साहेब. सोसायटीत चालत नाही."

इथे बहुतेक जण दोनपैकी एक काहीतरी करतात. कुत्रा गावी आईवडिलांच्या गळ्यात टाकतात, किंवा कुत्रा नाहीच असं सांगून खोली घेतात आणि पंधरा दिवसांनी रात्री अंधारात त्याला आत आणतात. दोन्हीत फटका बसतो. पहिल्यात कुत्र्याला, दुसऱ्यात भाडेकरूला.

पण मुळात "सोसायटीत चालत नाही" हे वाक्य कायद्याला धरून आहे का? थोडक्यात सांगायचं तर सोसायटीला तसं म्हणता येत नाही, पण घरमालकाला म्हणता येतं. सोशल मीडियावर फिरणाऱ्या बऱ्याच पोस्ट नेमक्या या दोघांत गल्लत करतात. म्हणून एकेक गोष्ट सुटी करून बघू.

गावात हा प्रश्न का पडत नाही?

धसईसारख्या गावात कुत्रा पाळायला कुणाची परवानगी लागत नाही. घर स्वतःचं, अंगण स्वतःचं. मोत्या दिवसभर ओट्यावर पडलेला असतो, संध्याकाळी शेतावर एक चक्कर मारून येतो, रात्री परक्या माणसावर भुंकतो. त्याचं भुंकणं हेच त्याचं काम. त्याला पट्टा माहीत नसतो, लिफ्ट माहीत नसते, आणि शी-शू करायला जागा शोधावी लागत नाही.

शहरात त्याच मोत्याच्या प्रत्येक गोष्टीवर कुणाचा तरी अधिकार असतो. खोली घरमालकाची, जिना आणि लिफ्ट सोसायटीची, रस्ता महापालिकेचा. म्हणजे मोत्याला शहरात राहायचं असेल तर या तिघांशी जुळवून घ्यावं लागतं आणि तिघांचे नियम वेगवेगळे आहेत.

सोसायटीचा हक्क कुठपर्यंत?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपल्याकडचा कायदा १९६० चा. याच कायद्याखाली अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडिया, म्हणजे भारतीय पशु कल्याण मंडळ उभं राहिलं. या मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ रोजी देशभरातल्या रहिवासी संघटना आणि अपार्टमेंट असोसिएशनसाठी एक परिपत्रक काढलं. पाळीव कुत्र्यांबाबत त्यात जे सांगितलंय त्यातले महत्त्वाचे मुद्दे असे आहेत.

एक, सोसायटी पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालू शकत नाही. सर्वसाधारण सभेत सगळ्यांनी हात वर करून ठराव केला, उपविधीत दुरुस्ती केली, तरीही नाही.

दोन, रहिवासी महापालिकेचे आणि बाकीचे कायदे पाळत असेल, तर त्याच्या कुत्र्यावर हरकत घेता येत नाही. परिपत्रक इथे मालक आणि भाडेकरू असा भेद करत नाही.

तीन, "लहान कुत्रा चालेल, मोठा नाही" किंवा "अमुक जातीचा चालेल, तमुक नाही" असा नियम करता येत नाही. कुत्रा भुंकतो हे बंदीचं कारण होऊ शकत नाही.

चार, लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही आणि लिफ्टसाठी वेगळे पैसेही घेता येत नाहीत.

पाच, तोंडाला मुसकं बांधाच अशी सक्ती सोसायटी करू शकत नाही. निष्काळजी मालकासाठी कायद्यात आधीच शिक्षा आहे, हे त्यामागचं कारण.

याच परिपत्रकात मालकांनाही चार गोष्टी सांगितल्यात. कुत्रा सार्वजनिक जागेत पट्ट्यावर ठेवा, लसीकरण करा, नसबंदी करून घ्या, त्याच्यामुळे शेजाऱ्यांना त्रास होणार नाही आणि घाण होणार नाही हे बघा. पोस्ट फॉरवर्ड करताना हा भाग बऱ्याचदा गळतो.

न्यायालयाचं काय? ऑगस्ट २०२१ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एक निकाल दिला. रहिवासी संघटनेच्या उपविधीत किंवा करारात प्राणी पाळायला पूर्ण बंदी करणारं कलम असेल, तर ते बेकायदेशीर, घटनाबाह्य आणि अंमलात न आणण्यासारखं मानावं, असं त्यात म्हटलंय. हा निकाल केरळचा आहे. महाराष्ट्रातल्या सोसायटीसमोर त्याचा दाखला देता येतो, पण तो इथे आपोआप बंधनकारक नाही. तसंच मंडळाचं परिपत्रक म्हणजे संसदेने केलेला कायदा नव्हे, ती मार्गदर्शक सूचना आहे. म्हणून सेक्रेटरीसमोर कागद आपटण्यापेक्षा तो शांतपणे पुढे सरकवलेला बरा.

मग घरमालक नाही म्हणू शकतो का?

हो. आणि इथेच खरी मेख आहे.

वरचं परिपत्रक सोसायट्यांना उद्देशून आहे. आपल्या मालकीची खोली कुणाला भाड्याने द्यायची, कोणत्या अटीवर द्यायची हे घरमालक ठरवतो. "कुत्रा असलेल्या भाडेकरूला खोली दिलीच पाहिजे" असा कोणताही कायदा महाराष्ट्रात नाही. करारात "प्राणी पाळणार नाही" असं कलम असेल, त्यावर भाडेकरूने सही केली असेल आणि नंतर कुत्रा आणला असेल, तर तो करारभंग झाला. घरमालक खोली रिकामी करायला सांगू शकतो. तेव्हा २०१५ च्या परिपत्रकाचा काही उपयोग होत नाही.

म्हणून एजंट "सोसायटीत चालत नाही" म्हणाला, की एकच प्रश्न विचारायचा. "सोसायटीला चालत नाही, की मालकाला?"

बऱ्याचदा उत्तर येतं, "मालकाला विचारलं नाही अजून." एजंटला सौदा लवकर उरकायचा असतो. कुत्रा म्हटलं की चार फोन जास्त करावे लागतात, म्हणून तो सोसायटीचं नाव पुढे करतो. मालकाशी थेट बोलायला मिळालं की निम्मं काम होतं, कारण मालकाची काळजी वेगळी असते. भिंत ओरखडेल का, वास राहील का, शेजारी मला फोन करतील का, हे तीन प्रश्न त्याच्या डोक्यात असतात. या तिन्हींची उत्तरं आधीच तयार ठेवता येतात.

दुसरीकडे मालक तयार असतो पण सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो, "आमची एनओसी लागेल." राज्याच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला सदनिका भाड्याने देण्यासाठी सोसायटीची आगाऊ परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी लेखी कळवायचं आणि नोंदणीकृत कराराची प्रत द्यायची. ज्या सोसायटीने हे उपविधी स्वीकारलेत तिथे एनओसीच्या नावाखाली कुत्रा अडवणं टिकत नाही. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण तेही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. "कुत्र्याचे वेगळे" असं शुल्क त्यात बसत नाही.

कागदावर काय असावं?

महाराष्ट्रात भाड्याची खोली बहुतेक वेळा "लिव्ह अँड लायसन्स" करारावर दिली जाते. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी करावी लागत नाही, असं अनेकांना वाटतं. इतर राज्यांत ही पद्धत पडली कारण १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ वेगळं सांगतं. करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणी करायची जबाबदारी घरमालकाची. केली नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

या कलमात भाडेकरूच्या फायद्याची एक ओळ आहे. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. पण याच्या भरवशावर तोंडी व्यवहार करू नये. कोर्टाची पायरी चढायची वेळ आली, तर तोवर मोत्या कुठे राहणार?

नोंदणीचा खर्चही लोकांना वाटतो तेवढा नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं १० टक्के व्याज यांच्या बेरजेच्या ०.२५ टक्के असतं. समजा भाडं महिना ९,००० आणि परत मिळणारं डिपॉझिट ४०,००० आहे. अकरा महिन्यांचं भाडं झालं ९९,०००. डिपॉझिटवरचं व्याज साधारण ४,०००. एकूण १ लाख ३ हजारांवर ०.२५ टक्के म्हणजे अडीचशे-पावणेतीनशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. त्याशिवाय दस्त हाताळणीचं शुल्क आणि घरी येऊन बोटांचे ठसे घेणाऱ्या एजंटची फी वेगळी. करार ऑनलाइन होतो, मालक आणि भाडेकरू दोघांचं आधार लागतं.

आता कुत्र्याचं कलम. छापील नमुन्यात बऱ्याचदा "पाळीव प्राणी ठेवण्यास मनाई" ही ओळ आधीच टाकलेली असते. एजंट म्हणतो, "ते नुसतं फॉरमॅटमध्ये आहे, कोण बघतंय!" ती ओळ खोडूनच घ्यावी आणि तिच्या जागी साधारण अशी ओळ टाकून घ्यावी:

"परवानाधारकाकडे एक पाळीव कुत्रा (नर, वय ३ वर्षे, नसबंदी व रेबीज लसीकरण झालेला) असून त्याला सदर सदनिकेत ठेवण्यास मालकाची संमती आहे. कुत्र्यामुळे सदनिकेचे नुकसान झाल्यास त्याची दुरुस्ती परवानाधारक स्वखर्चाने करून देईल."

करारात मालक म्हणजे "परवाना देणारा" आणि भाडेकरू म्हणजे "परवानाधारक". पहिलं वाक्य भाडेकरूचं संरक्षण करतं, दुसरं मालकाचं. त्यामुळे मालकही सहसा तयार होतो. खोली ताब्यात घेताना दारं, भिंती, बाल्कनी यांचे तारखेसह फोटो काढून दोघांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून ठेवायचे. सोडताना "हा ओरखडा तुमच्या कुत्र्याचा" असं भांडण उरत नाही.

काही मालक कुत्र्यासाठी जास्तीचं डिपॉझिट मागतात. हा दोघांमधला सौदा आहे, तो नाकारताही येतो आणि घासाघीसही करता येते. दोनच गोष्टी बघायच्या. ती रक्कम परत मिळणारी आहे असं करारात लिहिलंय का, आणि ती दर महिन्याच्या भाड्यात तर चढवलेली नाही ना. एकदाच दिलेलं डिपॉझिट परत येतं, दर महिन्याला दिलेले ५०० रुपये अकरा महिन्यांत साडेपाच हजार होऊन जातात.

परवडणारी खोली शोधायची कुठे?

मुरबाडला अजून रेल्वे नाही. धसईहून निघालेला माणूस एसटीने मुरबाड आणि तिथून कल्याण गाठतो. पुढे मध्य रेल्वेची लोकल. त्यामुळे मुरबाड-शहापूरच्या लोकांचं शहर म्हणजे आधी कल्याण, मग त्याच्या आजूबाजूचे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, आणि कसारा मार्गावर शहाड, आंबिवली, टिटवाळा, आसनगाव. मुंबईपासून जितकं लांब तितकं भाडं कमी, हा हिशोब सगळ्यांना माहीत आहे. कुत्रा सोबत असेल तर त्यात आणखी चार गोष्टी धरायच्या.

पहिली, टॉवरपेक्षा जुनी तीन-चार मजली इमारत किंवा बैठी चाळ बरी पडते. भाडं कमी, लिफ्ट नाही, म्हणजे लिफ्टवरून होणारी भांडणंही नाहीत. तळमजला मिळाला तर उत्तम. तळमजल्याला पावसात ओल येते आणि डास असतात म्हणून मागणी कमी असते, पण कुत्र्याला दिवसातून तीन वेळा खाली न्यायचं असेल तर तोच सोयीचा. चाळीत मात्र भिंती पातळ आणि दारं समोरासमोर असतात, त्यामुळे भुंकणारा कुत्रा असेल तर आधी शेजाऱ्यांशी बोलावं.

दुसरी, जाहिरात बघण्याआधी माणसं बघायची. सकाळी सात किंवा रात्री नऊच्या सुमाराला हव्या त्या भागात चक्कर मारली की कोणत्या इमारतीतून लोक कुत्रे फिरवायला उतरतात ते दिसतं. तिथल्या वॉचमनशी आणि कुत्रा फिरवणाऱ्यांशी दोन शब्द बोललं तर खोली कुठे रिकामी आहे, सेक्रेटरी कसा आहे, सगळं कळतं. ज्या इमारतीत आधीच चार कुत्रे आहेत तिथे पाचव्यावरून वाद होत नाही.

तिसरी, जवळचा प्राण्यांचा दवाखाना. डॉक्टर आणि कंपाउंडरला परिसरातले सगळे कुत्रेवाले ठाऊक असतात.

चौथी, अंतराचा हिशोब. बदलापूरला ३,००० रुपये भाडं वाचलं, पण कामासाठी जाण्यायेण्यात चार तास गेले, तर मोत्या बारा-तेरा तास कोंडलेला राहतो. कोंडलेला कुत्रा रडतो, दार खरवडतो, आणि मग शेजारी तक्रार करतात. नवरा-बायको दोघं नोकरीला असतील तर कामाच्या जवळची लहान खोली लांबच्या मोठ्या खोलीपेक्षा कुत्र्यासाठी बरी.

निघण्याआधी महिनाभराची तयारी

गावात मोकळा वाढलेला कुत्रा थेट वन आरकेमध्ये आणून ठेवला तर तो बिथरतो. त्यात त्याची चूक नसते. म्हणून तयारी गावातच सुरू करावी.

आधी गळ्यात पट्टा. पहिले काही दिवस नुसता पट्टा, मग त्याला दोरी, मग दोरी धरून पाच मिनिटं चालणं. नंतर रोज ठराविक वेळी बाहेर नेऊन शी-शू. गावठी कुत्रे हुशार असतात, वेळेची सवय लवकर लागते. मग दिवसातून एक तास घरात एकटं बंद ठेवून बघायचं, हळूहळू तीन-चार तासांपर्यंत. मुरबाडला किंवा कल्याणला एकदा गाडीतून नेऊन आणलं तर हॉर्न आणि गर्दीची ओळख होते.

सोबत कागद. रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांच्या सुमाराला आणि नंतर दरवर्षी द्यावी लागते. गावाकडे बऱ्याच कुत्र्यांना ती दिलेली असते, पण त्याची नोंद कुठेच नसते. पशुवैद्यकीय दवाखान्यात लस टोचून तारीख, सही-शिक्क्यासह लसीकरणाचं पुस्तक बनवून घ्यावं. नसबंदीही शक्यतो निघण्याआधी करून घ्यावी. नसबंदी झालेला नर भटकायला कमी बघतो, आणि माजावर आलेली मादी इमारतीत असली की खाली जमणारे कुत्रे हे भांडणाचं मोठं कारण असतं.

शहरात गेल्यावर महापालिकेकडे कुत्र्याची नोंदणी करून परवाना घ्यायचा. त्यासाठी रेबीज लसीचा दाखला लागतो. परवाना जवळ असला की "आम्ही सगळे नियम पाळतो" हे तोंडी सांगावं लागत नाही.

हे सगळं एका पानावर आणता येतं. कुत्र्याचा फोटो, नाव, वय, लसीची तारीख, नसबंदी झाली की नाही, डॉक्टरचं नाव, आधीच्या घराच्या शेजाऱ्याचा नंबर. घरमालकाला हे पान आधीच पाठवलं की त्याच्या मनातला "कुत्रा" हा अनोळखी प्राणी राहत नाही. जमलं तर खोली बघायला जाताना मोत्यालाही घेऊन जायचं. शांत बसलेला कुत्रा बघून बरेच नकार मवाळ होतात.

मांजर असेल तर गोष्ट थोडी सोपी. भुंकणं नाही, फिरवणं नाही. पण मांजर बाल्कनीतून आणि उघड्या खिडकीतून पडते, म्हणून जाळी बसवायची परवानगी मालकाकडून आधीच घ्यावी.

राहायला गेल्यावर वाद झाला तर?

समजा करार झाला, मोत्या आला, आणि महिन्याभरात सेक्रेटरीने सांगितलं की लिफ्ट वापरू नका किंवा कुत्र्याचे महिना ३०० भरा. आवाज चढवण्याआधी "हे लेखी द्या" एवढंच म्हणायचं. अर्ध्या सोसायट्या इथेच थांबतात, कारण लेखी द्यायला आधार नसतो.

लेखी नोटीस आलीच तर लेखीच उत्तर द्यायचं. सोबत २०१५ च्या परिपत्रकाची, लसीच्या पुस्तकाची आणि परवान्याची प्रत जोडायची, आणि पोच घ्यायची. सोसायटी ऐकत नसेल तर तक्रार सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जाते. मात्र भाडेकरू सोसायटीचा सभासद नसतो. त्यामुळे ही तक्रार घरमालकाच्या नावाने किंवा त्याला सोबत घेऊन केली तर वजन येतं. मालकाशी संबंध चांगले ठेवायचं हेही एक कारण.

कुणी कुत्र्याला विष घालायची किंवा मारायची धमकी दिली तर प्रकरण सोसायटीच्या हातात राहत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे प्राण्याला ठार मारणं, विष घालणं किंवा अपंग करणं यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी.

पण याच संहितेचं कलम २९१ मालकासाठीही आहे. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जिन्यात लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतात, त्यातली काही कुत्र्याला खरंच घाबरतात. त्यांची भीती खोटी नाही. जिन्यातून जाताना दोरी आखूड धरणं, लिफ्टमध्ये कुणी घाबरलेलं दिसलं तर पुढच्या फेरीला जाणं, आणि पिशवी घेऊन घाण उचलणं, एवढं केलं तरी निम्म्या तक्रारी होतच नाहीत. मुंबई महापालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींत पाळीव प्राण्याची घाण रस्त्यावर सोडणाऱ्या मालकाला दंडाची तरतूद आहे.

आणि कुठेच जमलं नाही तर?

तरीही असं होतं की पगार १५,००० आहे, तीन महिने शोधूनही खोली मिळत नाही आणि कामावर हजर व्हायची तारीख येते. अशा वेळी कुत्रा गावी ठेवणं यात कमीपणा नाही. पण ठेवणं आणि सोडून देणं यात फरक आहे.

ठेवायचं असेल तर कोण सांभाळणार, खाण्याचे आणि लसीचे पैसे कोण देणार हे ठरवून ठेवावं. मुरबाड आणि शहापूरचा बराच भाग जंगलाला लागून आहे. तिथे बिबट्याचा वावर असतो आणि कुत्रा हे त्याचं सोपं भक्ष्य. म्हातारे आईवडील रात्री कुत्र्याला अंगणात बांधून झोपत असतील, तर त्याला आत घ्यायची किंवा पक्कं खुराडं करायची व्यवस्था आधी करावी लागते.

सोडून देणं म्हणजे शहरात आणून नंतर जमत नाही म्हणून एखाद्या पुलाखाली किंवा स्टेशनबाहेर उतरवणं. १९६० च्या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे सबळ कारण नसताना प्राण्याला भूक-तहानेने त्रास होईल अशा अवस्थेत सोडणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. कित्येक दशकं तो तेवढाच आहे, म्हणून कुणी घाबरत नाही. किंमत कुत्राच मोजतो. घरात वाढलेल्या कुत्र्याला कचऱ्यातलं अन्न शोधता येत नाही, रस्ता ओलांडता येत नाही, आणि त्या भागातले कुत्रे त्याला आपल्या हद्दीत घेत नाहीत.

म्हणून कुत्र्याला शहरात आणायचं की नाही, हा निर्णय टोकन देण्याआधी घ्यायचा. टोकनचे पैसे एका क्लिकवर जातात, पण ते परत मिळवताना नाकी नऊ येतात. त्या क्लिकआधी तीन गोष्टी झालेल्या असाव्यात. मालकाला कुत्रा आहे हे माहीत असावं, त्याची संमती व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना लेखी आलेली असावी, आणि कराराच्या मसुद्यातली "प्राणी ठेवण्यास मनाई" ही ओळ निघालेली स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली असावी.